दाराखालची रबरपट्टी

सरकारी पैशातून बांधलेल्या घरांत वीज वाचायला हवी, म्हणून आतली गरम-गार हवा बाहेर निसटता कामा नये, असा नियम आहे. ती कुठून निसटते हे शोधणं वाराकाकांचं काम. बाल्कनीच्या दारात मोठा पंखा बसवून हवा बाहेर खेचायची आणि प्रत्येक फटीशी धुराची कांडी धरायची; धूर हलला की चोर सापडला. काकांचं खरं नाव ऑफिसातही कुणाला आठवत नसे.

स्वतःचं घर त्यांनी बायकोच्या दम्यासाठी असंच बंदिस्त केलं होतं. बायको गेली, बंदोबस्त तेवढा राहिला. जेवताना त्यांना स्वतःच्या चावण्याचाच आवाज येई, आणि तो त्यांना नकोसा झाला होता.

त्या दिवशी नव्या, अर्ध्याच भरलेल्या इमारतीत एका आजींच्या घरी धूर मुख्य दाराखाली सुळकन वळला. रबरपट्टीच गायब!

"आजी, पट्टी कुठे गेली?"

"मुलाकडून मीच काढून घेतली," आजी जराही ओशाळल्या नाहीत. "जुन्या घरी शेजारणीची शिंकसुद्धा ऐकू यायची. इथे दार लावलं की जग मेल्यासारखं वाटतं हो. जिन्यात पावलं वाजली की तेवढंच बरं वाटतं."

काकांना आपलं बंदिस्त घर आठवलं. पण या एका फटीपायी अख्ख्या इमारतीचा हवाबंदीचा दाखला अडला असता आणि उरलेल्या घरांच्या किल्ल्यांकडे डोळे लावून बसलेली कुटुंबं ताटकळली असती. त्यांनी नवी पट्टी बसवली.

"दाखला मिळाला की काढून टाका," ते हळूच म्हणाले.

"मला कुठे वाकता येतंय? आणि मुलगा आता लांब गेलाय."

"मग मी येतो. दाखल्यानंतरच्या रविवारी."

"या हं," आजी म्हणाल्या. रविवारी येतो म्हणणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

काका मात्र खरंच आले. नियमवाल्यांनी खुशाल डोळे वटारावेत! गुडघे टेकून त्यांनी पट्टी ओढून काढली. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.

"वरच्या बिऱ्हाडातली सून," आजी खुलल्या. "नव्यानं आलीय. डावा पाय ओढते."

चहा झाला. निघताना आजी म्हणाल्या, "सावकाश उतरा. खालच्या दारापर्यंत तुमची पावलं ऐकत बसते मी."

बायको गेल्यापासून काकांच्या पावलांकडे कुणी कान लावला नव्हता. ते एकेक पायरी मुद्दाम आपटत उतरले.