नकारघंटा डॉक्टर होते तेव्हा

माझ्या आत्याला ऑफिसात सगळे नकारघंटा म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं. एकदा तिच्या टेबलावर कुणीतरी खरीखुरी पितळी घंटा आणून ठेवली. तिने ती महिनाभर कागद उडू नयेत म्हणून वापरली आणि मग सापडलेल्या वस्तूंच्या कपाटात जमा करून तशी पोच घेतली.

तिचं काम सांगायला सोपं होतं, करायला महाकटकटीचं. आमच्या संस्थेत मानसशास्त्राच्या संशोधनाची एक भलीमोठी संदर्भसूची आहे. रात्रपाळीच्या परिचारिकांच्या झोपेवर किंवा तोतऱ्या मुलांच्या भीतीवर आजवर कुणी काय लिहिलंय ते हवं असलं, की अभ्यासक ह्या सूचीत शोधतात. सूचीत असेल ते सापडतं. नसेल ते त्यांच्यापुरतं जगात नसतंच. आणि कुठल्या जर्नलला सूचीत घ्यायचं, कुठल्याला दारातूनच परत पाठवायचं, हे तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर ठरायचं. ते टेबल आत्याचं.

मी दोन टेबलं सोडून बसायचे. सूचीत आलेल्या लेखांना विषयशब्द लावणं हे माझं काम. मला तिने चिकटवलं असं कुणी म्हणू नये म्हणून माझ्या मुलाखतीच्या दिवशी ती रजेवर गेली होती, आणि रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, ‘भाचीची मुलाखत’. त्यामुळे जे कुणाला माहीत नव्हतं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं.

जर्नलवाले अंक पाठवायचे, सोबत गोडगोड पत्र. आत्या पत्र बाजूला ठेवून मागचं पान आधी उघडायची. अंक वेळेवर निघतो का, लेख छापण्याआधी जाणकारांकडून तपासून घेतात का, संपादक मंडळावरची माणसं त्या विषयातली आहेत का, आणि मुळात हे मानसशास्त्र आहे का, एवढंच बघायची. एवढ्यातच बाराजणांतले अकरा गळायचे. अंगठ्याच्या ठशावरून जोडीदार निवडून देणारं एक त्रैमासिक तीनदा आलं आणि तीनदा गेलं. उलट गायींच्या भित्रेपणावरचं एक जाडजूड जर्नल तिने एका बैठकीत पास केलं. साहेब म्हणाले, अहो, गायी आपल्या विषयात येतात का? आत्या म्हणाली, वर्तन आहे तिथे मानसशास्त्र आहे, शिवाय गाय प्रश्नावली भरत नाही, त्यामुळे खोटं बोलत नाही.

प्रश्नावलीतल्या खोटेपणाबद्दल तिला कळत होतं, कारण तिची अर्धी राहिलेली पीएचडी त्याच्यावरच होती. माणसं छापील प्रश्नांना उत्तरं देताना स्वतःला किती धुऊनपुसून दाखवतात, असा विषय. चार प्रकरणं लिहून झाली होती. मग मार्गदर्शक परदेशी निघून गेले, लग्न झालं, आणि सासूबाईंनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, की घरच्यांशी बोलायला हिला वेळ नाही आणि परक्यांना प्रश्न विचारत कशी फिरते? चार प्रकरणं माळ्यावर गेली. त्याबद्दल आत्या कधी हळहळली नाही. निदान माझ्यासमोर तरी.

तर एका सोमवारी एक नवं जर्नल आलं. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, नावात ‘आंतरराष्ट्रीय’ दोनदा. आत्याने सवयीने मागचं पान उघडलं आणि ती थांबली. संपादक मंडळाच्या तेवीस नावांत सतरावं नाव तिचं होतं. त्याच्याआधी ‘डॉ.’

मला तिने खुणेने बोलावलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मी हसले. ती हसली नाही. तिचे कान लाल झाले होते, आणि मी शपथेवर सांगते, ती रागावलेली नव्हती. ती खूश झाली होती. फार तर अर्धा मिनिट. मग तिने चष्मा पुसला आणि सहसंपादकाचं नाव वाचलं. ते तिच्या धाकट्या दिरांचं होतं.

हे दीर एका कॉलेजात प्राध्यापक. बोलायला मधाळ. पुढच्या रविवारी ते जेवायला आले तेव्हा मीही तिथेच होते. आत्याने वाढता वाढता विचारलं, तर ते अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, वहिनी, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. चार प्रकरणं झाली म्हणजे झालीच की हो पीएचडी, बाकी सगळा कागदी घोडा. आणि तुमच्यासारखं माणूस मंडळावर असलं की अंकाला वजन येतं.

‘आणि कुणी तपासलं तर?’ आत्याने विचारलं.

‘तपासणाऱ्या तुम्हीच ना, वहिनी.’

काका, म्हणजे आत्याचे यजमान, ताटात बघत जेवत राहिले. खरी पंचाईत सासूबाईंनी केली. पंच्याऐंशीच्या त्या बाईंनी धाकट्या मुलाकडून अंक आधीच मिळवला होता आणि आमची सून डॉक्टर झाली म्हणून त्यांच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर फिरवला होता. तळमजल्याच्या बाई तर गुडघा दाखवायलाही येऊन गेल्या होत्या. ज्यांनी प्रकरणं माळ्यावर घालवली त्याच आता ‘डॉ.’वर बोट फिरवून दाखवत होत्या, आणि गंमत म्हणजे मनापासून.

सोमवारी आत्याने साहेबांना लेखी कळवलं, की माझे दीर ह्या जर्नलचे सहसंपादक आहेत आणि मीही मंडळावर असल्याचं छापलं आहे, तेव्हा निर्णय समितीने घ्यावा. साहेबांना ते जर्नल हवंच होतं. त्याच्या उद्घाटनाला त्यांना शाल मिळाली होती. ते म्हणाले, बरं, समिती घेईल, पण मंडळाच्या सदस्यांना विचारायची आपली पद्धत आहे, ते तुम्ही उरका. दुसरं कुणी ते उरकणार नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं.

आत्याने बावीसजणांना पत्रं लिहिली. कागदावर, टपालाने. मेल आली की माणूस न वाचताच हो म्हणतो, असं तिचं मत. पत्रात दोनच प्रश्न. आपण ह्या मंडळावर आहात हे आपल्याला ठाऊक आहे का? आपण आजवर एखादा लेख तपासला आहे का? मग तिने तेविसावं पत्र टाइप केलं, स्वतःच्या नावाने, जावक क्रमांक टाकून. घरच्या पत्त्यावर. ‘डॉ.’ मात्र गाळलं नाही. छापलंय तसंच लिहायचं, म्हणाली.

उत्तरं येऊ लागली तशी आमची दुपारची करमणूक झाली. सहा पाकिटं तशीच परत आली. एका सदस्याच्या पत्नीने कळवलं, की हे चार वर्षांपूर्वीच वारले. तरीही ते तुमच्याकडे काम करत असतील तर कृपया घरी पाठवावं, छपराचं काम अर्धं टाकून गेलेत. एक सदस्य घोड्यांचे डॉक्टर निघाले. नावात गफलत झाली असावी, पण मानसिक त्रास असलेले घोडे आपण बरेच पाहिले आहेत, तेव्हा नाव राहू द्यायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एकांनी एका दुपारी अकरा लेख तपासले होते आणि सगळे उत्तम होते. एक वयस्क प्राध्यापिका होत्या. त्यांनी लिहिलं, की न विचारता मला घातलेलं हे दहावं मंडळ, पण विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आणि खाली पेनाने एक ओळ वेगळी लिहिली होती: ‘नाही म्हणायला माणसाला किती दिवस लागतात, हे कधी मोजलं आहेत का?’

आत्याचं स्वतःचं पत्र तिसऱ्या दिवशी तिला पोचलं होतं. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर देणारी ही बाई. ते पत्र तिने स्वयंपाकघरात चहाच्या डब्याखाली ठेवलं आणि अकरा दिवस तिथेच राहू दिलं. ऑफिस सुटल्यावर तिच्याकडे चहाला जायचे, तेव्हा मी रोज बघत होते. विचारलं तर म्हणायची, सवड नाही. एकदा मात्र भाजी चिरता चिरता आपणहूनच बोलली.

‘सासूबाई मला अहो-जाहो करायला लागल्यात. तीस वर्षांत पहिल्यांदा.’

बाराव्या दिवशी तिने उत्तर लिहिलं. पहिल्या प्रश्नाला: ठाऊक नव्हतं. दुसऱ्याला: नाही. आणि खाली, कुणी विचारलं नव्हतं तरी: मी डॉक्टर नाही. ऑफिसात तिने ते आवक करून घेतलं, शिक्का मारला, फाइलला लावलं. मग घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तळमजल्याच्या बाईंना तूच सांग, मला जिने उतरवत नाहीत.

समितीच्या बैठकीत साहेबांनी शालीइतकीच उबदार प्रस्तावना केली. आत्या आपलं मत द्यायला नकार देऊन फक्त पत्रं वाचायला उभी राहिली. घोड्यांपर्यंत सगळ्यांनी कसंबसं आवरलं. छपराच्या कामाला साहेबही हसले, आणि हसल्यावर बाजू घेणं अवघड असतं. शेवटी तिने स्वतःचं पत्र वाचलं, त्याच सुरात. तेव्हा कुणी हसलं नाही. जर्नल एकमताने नाकारलं गेलं. दीर दोन वर्षं आले नाहीत. काकांनी पहिल्यांदाच तोंड उघडून मत दिलं, की रविवारी आता बसायला जागा होते.

गोष्ट इथे संपती तर बरं होतं. पण त्या प्राध्यापिकाबाईंचा प्रश्न आत्याच्या डोक्यात बसला. तिने चाळीस जर्नलांच्या मंडळांना तीच दोन प्रश्नांची पत्रं पाठवली आणि कोण किती दिवसांनी नाही म्हणतं ते मांडलं. मृतांना वगळलं. माळ्यावरची प्रकरणं खाली आली, त्यांतलं दुसरं कामाचं निघालं. कुठल्या खोट्या मानाला माणूस पटकन नाही म्हणतो आणि कुठल्याला रेंगाळतो, असा लेख झाला. तक्त्यात एक आकडा अकरा दिवसांचा होता. बाकी कुणाला त्यात काही दिसलं नसतं.

तो लेख दोन जर्नलांनी नाकारला. पहिल्यांदा नकार आला तेव्हा ती परीक्षकांचे आक्षेप वाचून म्हणाली, मुद्देसूद आहे. दुसऱ्यांदा ते नुसते फाइलला लावले. तिसऱ्या, एका छोट्या जर्नलने घेतला. आणि ते जर्नल आमच्या सूचीत नव्हतं. तिनेच काही वर्षांपूर्वी, अंक उशिरा निघतो म्हणून, परत पाठवलं होतं. म्हणजे आत्याने जन्मात लिहिलेला एकुलता एक लेख तिच्या स्वतःच्या सूचीत शोधून सापडत नाही.

ती निवृत्त झाली त्या वर्षी त्या जर्नलने पुन्हा अर्ज केला. टेबल आता माझ्याकडे होतं, पण मी भाची, म्हणून फाइल मी शेजारच्या आकडेमोडवाल्या गृहस्थांकडे सरकवली. त्यांनी सगळं पाहिलं, लेख आवडले असं लिहिलं आणि नाकारलं. दोन वर्षांत एक अंक उशिरा आला होता.

मी सांगायला घरी गेले. आत्या पडद्यांना कड्या लावत बसली होती. तिने ऐकून घेतलं, किती दिवस उशीर ते विचारलं.

‘एकोणतीस,’ मी म्हटलं.

‘पूर्वी तीसपर्यंत सूट होती. ती मीच काढली.’ तिने पुढची कडी उचलली. ‘बरोबर केलं त्यांनी. ते दुसरं टोक धर जरा.’