कंबरेचे दोन एक्स-रे

"दोन महिने होत आलेत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि सासूबाईंनी तिथंच हात जोडले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मी मात्र मनात दिवस मागं मोजत होते. वीस दिवसांपूर्वी माझ्या कंबरेचे दोन एक्स-रे काढले होते.

सोयाबीनची पोती चढवताना मी ट्रॉलीवरून पडले. मालक, म्हणजे माझे यजमान, पुण्याला कंपनीत, म्हणून सासरे मला आमच्या तेर गावाहून धाराशिवला घेऊन गेले. त्यांना मी मामा म्हणते. एक्स-रेच्या दारावर पाटी होती, गरोदर असल्यास आधी सांगा. चौथीपर्यंत शिकले आहे, ती वाचता आली. फोटो काढणाऱ्यानं दारातच विचारलं, "ताई, पाळी चुकली का?" मामा शेजारीच उभे होते. मी नाही म्हणून मान हलवली.

पाळी दहा दिवस चुकली होती. पण आदल्या वर्षी मी आठव्या दिवशीच सांगून टाकलं आणि पेढे वाटल्यावर पाळी आली. "हिच्या पोटात लेकरू न्हाय, नुसता वारा हाय," असं जावेनं गल्लीभर केलं. तेव्हापासून माझं तोंड उघडत नव्हतं.

दोन महिने झालेत म्हणाल्या त्या दिवशी मॅडमनाही एक्स-रेचं बोलले नाही. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या मटकन बसल्या. "मग सांगायला काय झालतं? तोंडाला कुलूप हुतं व्हय?" जाऊ म्हणाली, "मशीनचा करंट लागलेलं लेकरू अधू निघतंय. लवकर मोकळी हो." मालकांनी ऐकून फोन ठेवून दिला. चार दिवस असेच गेले.

पाचव्या दिवशी सासूबाई, मामा आणि मी मॅडमकडं गेलो. मी एक्स-रेच्या फिल्मची पिशवीच पुढं केली. त्यांनी तारीख बघितली. "रेडिएशनची भीती वाटते ना?" रेडिएशन म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण. ते मांसातून पार जातात, हाडात अडतात, म्हणून फोटोत हाड पांढरं दिसतं.

"खाली करायचं का?" सासूबाईंनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "सोनोग्राफी नव्हती तेव्हा मूल आडवं आहे का, जुळं आहे का, हे एक्स-रे काढूनच बघायचे. त्याही आधी, मशीन चालतं का ते बघायला डॉक्टर रोज स्वतःचा हात किरणांत धरायचे. कित्येकांची बोटं गेली. तेव्हा कळलं, हे बेतानं वापरायचं. म्हणून ती पाटी, म्हणून तो प्रश्न. पण दोन फोटोंचे किरण फार थोडे. त्यासाठी मूल पाडा असं मी सांगणार नाही. पक्की हमी मात्र मी कुठल्याच बाईला देत नाही. पाचव्या महिन्यात ॲनोमली स्कॅन करू." म्हणजे मुलाचा एकेक अवयव बघायची सोनोग्राफी.

सासूबाई मामांकडं बघू लागल्या. मॅडम म्हणाल्या, "त्यांना नाही, हिला विचारते आहे."

"ठेवायचं," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. मग मामांच्या समोर मोठ्यानं म्हणाले.

स्कॅनपर्यंतचे दिवस कसे काढले ते लिहिता येत नाही. त्या दिवशी मी पडद्याकडं बघितलंच नाही, मॅडमचं तोंड बघत होते. मध्येच त्या थांबल्या, हात फिरवला, पुन्हा तिथंच आल्या. "नीट दिसत नाही. चालून या, काहीतरी गोड खा, बाळ वळेल." अर्धा तास मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. सासूबाईंनी पर्समधून गूळ काढून दिला, तो तोंडात विरघळेना. परत आत गेले तर मणका दिसला, हृदयाचे कप्पे दिसले. "आज तरी सगळं जागेवर आहे," मॅडम म्हणाल्या. मी त्यांच्या हातावर डोकं टेकवलं.

बसस्टँडवर मामा दुसरीकडं बघत म्हणाले, "त्या दिशी म्या भायेर जायला पायजे हुतं. त्यानं इचारलं तवा."

"म्या बोलायला पायजे हुतं, मामा."

सहा वर्षांत आम्ही असं पहिल्यांदाच बोललो.

आता आठवा लागला आहे. भीती पुरती गेली असं लिहिलं तर खोटं होईल. पण माझ्यासारख्या कुणाला फोटोच्या दारात हा प्रश्न आला, तर सोबतच्या माणसाला म्हणा, जरा बाहेर थांबा. आणि फोटो काढून झाला असला तर घाबरून काही करून घेऊ नका, आधी फिल्म घेऊन डॉक्टरकडं जा. वही पोटावर टेकवून लिहिते आहे. मधूनच लाथ बसते आणि अक्षर वाकडं होतं.