गच्चीवरचं मद्रास

माझ्या थोरल्या दिरांइतका हवेवर जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बाकीचं बेंगळूर हवा खायला लालबागेत जातं. हे हवा बघायला गच्चीत जात. रोज उजाडता उजाडता हातात कॉफी घेऊन कठड्याशी उभे राहायचे आणि आसपासच्या झाडून साऱ्या न्हाणीघरांच्या धुराड्यांची पाहणी करायची, हा त्यांचा नेम. धूर सरळ वर गेला की चेहरा उतरे. पण थंडीतल्या एखाद्या सकाळी तो धूर नारळाच्या शेंड्यांपर्यंत चढून तिथेच अडखळे आणि कुणी वरून हात धरल्यासारखा आडवा पसरे. मग स्वारी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली येई आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगे, "आज पन्हळ लागलीय." वर ऊबदार हवा, खाली गार हवा आणि मधल्या पन्हळीतून रेडिओच्या लहरी पाण्यासारख्या दूरवर वाहत जातात, असं ते शास्त्र होतं. सासूबाई त्यावर आंघोळ उरकून घ्या एवढंच म्हणत.

मी सांगलीची. लग्न होऊन चामराजपेटेतल्या त्या घरात आले, तेव्हा बेंगळुरात पंखा लागत नसे आणि संध्याकाळी शाल लागे. घराणं कित्येक पिढ्या तिथलंच. त्यांची मराठी मराठीच, पण मधूनच तिच्यात कानडी डोकावायची. थोडं म्हणायच्या जागी 'स्वल्प', बरं म्हणायच्या जागी 'सरी', आणि भावजी म्हणायच्या जागी अण्णा. माहेरच्या वळणानं मी पहिल्या दिवशी दिरांना भावजी म्हटलं तर ते मागे वळून कुणाला हाक मारली ते बघू लागले. तेव्हापासून ते माझेही अण्णा आणि थोरल्या जाऊबाई अक्का झाल्या.

अण्णा रेशीम खात्यात कारकून होते. महायुद्धाच्या दिवसांत काही काळ ते छावणीतल्या रेडिओ वर्कशॉपात कारकुनी करत होते. तिथे त्यांना ही बाधा झाली ती कायमची. परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना मिळवला होता. असे परवानेवाले तेव्हा साऱ्या दक्षिणेत मोजकेच. लांब लहरींवरून सिलोनशी, जपानशी गप्पा मारणं ही या मंडळींची करमणूक. अण्णांना त्यात रस उरला नव्हता. त्यांना हव्या होत्या त्या पुरुषभर लांबीच्या आखूड लहरी, ज्या बाणासारख्या सरळ जातात आणि डोंगर आडवा आला की संपतात. इतकं मोठं जग सोडून हे कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "जे पोचतंच, ते पाठवण्यात काय आहे?" अशाच काही वेड्यांनी मिळून दर थंडीत एका रविवारी स्पर्धा ठेवली होती. पहाटेपासून दुपारपर्यंत या आखूड लहरींवरून जो जितक्या लांबच्या ठाण्याशी बोलेल, तितके त्याला गुण. आजवर बेंगळूरच्या कुणालाही कोलारपलीकडे जाता आलं नव्हतं. अण्णांना मद्रास गाठायचं होतं.

मद्रास गाठायचं तर ठाणं उभारायला हवं, आणि ते अण्णांनी घरातून उभारलं. म्हणजे अक्षरशः घरातल्या वस्तूंतून. लष्करानं मोडीत काढलेल्या रेडिओंचे अवशेष रविवारच्या गुजरीत विकायला येत, तिथून काचेचे वाल्व्ह धोतराच्या सोग्यात गुंडाळून यायचे. बाकीचं घर पुरवी. कॉफीच्या पुडीला आमच्याकडे डबा टिकत नसे, कारण हातभर घेराचा डबा दिसला की अण्णा त्याचा वाल्व्हसाठी बंगला करत. माझ्या वडिलांनी लग्नात मच्छरदाणीसकट पलंग दिला होता. तिच्या दांड्या ॲल्युमिनियमच्या. महिनाभर अण्णा आमच्या खोलीवरून जाताना त्या दांड्यांकडे बघत आणि उसासा सोडत. शेवटी एकदा जेवताना, माझ्याकडे न बघता, त्यांनी सगळ्यांना माहिती दिली की बांबूच्या दांड्या लावलेल्या मच्छरदाणीत डास कमी शिरतात, असा अनुभव आहे. दुसऱ्या दिवशी मी दांड्या काढून दिल्या. त्यांनी त्या कापून, माशाच्या काट्यासारख्या एका आडव्या नळीवर ओळीनं बसवल्या आणि उंच काठीवर चढवल्या. तीच त्यांची एरियल. तिच्यावर कावळे बसत, ते बसले की ऐकू येणं बिघडे, म्हणून अण्णा त्यांना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला भात घालू लागले. चामराजपेटेत फुकट भात मिळतो ही बातमी कावळ्यांत लवकर पसरली. भात संपला की सारी पंगत एरियलवर विसाव्याला.

ही एरियल ज्या दिशेला तोंड करी तिकडचंच ऐकू येई. काठीखाली सायकलच्या चाकाचा हब बसवलेला होता आणि काठी फिरवायचं काम अक्कांकडे होतं. गच्चीवरच्या खोलीत अण्णा यंत्रापाशी, दाराबाहेर अक्का काठीपाशी. उत्तर-दक्षिण वगैरे शब्द त्या घरात चालत नसत. "स्वल्प देवनहळ्ळीकडे," असं आतून येई, की अक्का काठी उत्तरेला वळवत. ही सवय इतकी मुरली होती की पानावर बसल्यावरही अण्णा मिठाची वाटी कोलारकडे सरकवायला सांगत आणि आम्ही ती बरोबर सरकवत असू. पाहुण्यांना ते गाव विचारत, आणि मग त्या गावच्या वाटेत टेकडी किती उंच आहे ते. आमच्या नणंदेला चिकमगळूरचं स्थळ सांगून आलं तेव्हा सगळ्यांना पसंत पडलं. अण्णा तेवढे खिन्न होऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण मध्ये डोंगर आहे."

अक्का मिशनच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, मितभाषी बाई. खोलीतून दिवसरात्र येणारी ती तारयंत्राच्या कडकट्टची टिकटिक, टिंबं आणि रेघांची भाषा, आम्हाला सगळ्यांना पाऊस वाजावा तशी वाजे. एकदा मी त्यांच्याजवळ बसून अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत होते. वर टिकटिक चाललेली. आणि अक्का एकट्याच हसल्या. मी विचारलं तर शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "लांब लहरींवरच्या त्या कोइमतूरच्या माणसाच्या म्हशीला जुळी रेडकं झालीत. एकाचं नाव ह्यांचं ठेवतो म्हणतोय." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कुणी शिकवलं, तर म्हणाल्या की कुणी नाही, इतकी वर्षं कानावर पडतंय. अण्णांना ठाऊक आहे का, तर म्हणाल्या की त्यांनी कधी विचारलं नाही.

त्याच सुमारास वरच्या आवाजाचा पोत बदलू लागला. यंत्रातून येणारा सूर हवा तसा उंच किंवा खाली करता येतो. मी आले तेव्हा तो चिमणीसारखा वाजायचा. मग साळुंकीसारखा झाला, मग कबुतरासारखा, आणि काही वर्षांनी तर गच्चीत बेडूक पाळलाय की काय असं वाटू लागलं. आम्ही त्यावर थट्टा करायचो. अक्का करत नसत. अण्णांच्या कानांतून उंच सूर एकेक करून निघून चालले होते आणि ते उरलेल्या सुरांवर यंत्र उतरवत चालले होते, हे अक्कांच्या आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अण्णा स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. फक्त गुजरीच्या फेऱ्या वाढल्या, आणखी जोरकस वाल्व्ह आले, एरियलचे काटे वाढले. आता नाही तर पुढे नाही, हे त्यांना कळलं असावं.

त्या वर्षीच्या स्पर्धेच्या पहाटे असं धुकं होतं की गच्चीवरून समोरच्या घराचा कठडा दिसेना. जरा उजाडल्यावर सगळ्या धुराड्यांचा धूर एका पातळीवर येऊन थांबला. अण्णांनी तो पाहिला आणि कॉफी तशीच कठड्यावर ठेवून आत गेले. अक्कांच्या खांद्याला कळ येत होती म्हणून काठी मी धरली. कोलार झालं, होसूरच्या बाजूचं एक ठाणं झालं. मग अण्णांनी काठी कोलारच्या स्वल्प उजवीकडे लावायला सांगितली, म्हणजे मद्रास. त्यांनी हाक घातली, ऐकलं, पुन्हा घातली, पुन्हा ऐकलं. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून, डोळे मिटून ते बसले होते. असा बराच वेळ गेला. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आज पन्हळ आहे. तिकडे माणूस नाही."

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन हेडफोनची एक बाजू कानाला लावली. मी खिडकीतून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त उजवा हात उचलला गेला आणि अण्णांच्या खांद्यावर एक बोट टकटक करू लागलं. थांबून थांबून, लांब, आखूड, आखूड. अण्णा आधी दचकले. मग त्यांनी वर पाहिलं, बायकोकडे, जणू ही कोण हे त्यांना आज कळत होतं. आणि मग त्यांचा हात आपोआप टिकटिक करणाऱ्या खटक्याकडे गेला.

अक्का ऐकत होत्या, बोट बोलत होतं, अण्णा उत्तर देत होते. मी काठीला असा विळखा घातला होता की जणू मी सोडली तर मद्रास पडेल. नंतर अक्कांनी मला तो आवाज ऐकवला. सरसर अशी नुसती खळबळ आणि तिच्या तळाशी, मुंगी चालावी इतकं बारीक काहीतरी. ते समुद्रकाठच्या एका माणसाचं बोट होतं. मच्छरदाणीच्या दांड्यांवर येऊन पोचलेलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि आजही सांगताना येतो.

पहिला नंबर अण्णांचाच, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. माझ्या यजमानांनी मैसूरपाक आणला. संध्याकाळी अण्णांनी स्पर्धेचा तक्ता पूर्ण केला आणि मद्रासच्या ओळीवर शांतपणे रेघ ओढली. नियम असा होता की जो बोलतो, त्यानं समोरच्याचं स्वतःच्या कानांनी ऐकलं पाहिजे. अक्का कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही, पण मैसूरपाकाला हात लावला नाही.

"माझे कान खोटे आहेत का?" त्यांनी विचारलं.

एवढ्या जवळून बोललेलं अण्णांना ऐकू येई. ते म्हणाले, "खरे आहेत. म्हणून तर माझ्या नावावर घालता येत नाहीत."

त्या वर्षी अण्णा चौथे आले. भेटेल त्याला मात्र, अगदी रेशीम खात्याच्या साहेबांनाही, ते आमच्या हिनं मद्रास ऐकलं म्हणून सांगत सुटले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी अक्कांना परीक्षेला बसवलं. अक्कांना टिंबं-रेघांची धास्ती नव्हती, धास्ती होती ती विजेच्या गणितांची. अण्णांनी ती त्यांना डाळ-तांदळाच्या भाषेत शिकवली. परीक्षा देऊन आल्यावर अक्का एवढंच म्हणाल्या की टिकटिक वाजवणाऱ्या साहेबाचा हात फार जड होता, बिचाऱ्याला संधिवात असावा. परवाना आला. पुढच्या थंडीत खोलीत अक्का बसल्या आणि काठीपाशी अण्णा उभे राहिले, कानटोपी घालून, अगदी तयारीत. मद्रास पुन्हा लागलं, या वेळी अक्कांच्या नावावर. पुढे ती दोघं दीड हात लांबीच्या आणखी आखूड लहरींकडे वळली आणि आम्हाला पुन्हा कॉफीचे डबे मिळेनासे झाले. पण तोवर अण्णांना काहीही ऐकू येत नव्हतं.

एका दुपारी दारात एक उंच, पांढरी वेष्टी नेसलेले वृद्ध गृहस्थ उभे राहिले. मद्रासच्या ठाण्यावरचे. मुलीकडे बेंगळुराला आले होते, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे होते. सगळ्यांशी इंग्रजीत बोलले, अक्कांना वाकून नमस्कार केला. मग अण्णांकडे वळून काहीतरी म्हणाले. अण्णांनी हसून आपल्या कानांकडे बोट दाखवलं.  तसे गृहस्थ ओसरीवरच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले, अण्णांचा हात आपल्या मांडीवर उताणा ठेवला आणि त्यांच्या तळहातावर एका बोटानं टकटक करू लागले.

अण्णांचा चेहरा कसा झाला, ते मला लिहिता येणार नाही. थोड्या वेळानं त्यांनीही दुसऱ्या हातानं त्यांच्या मनगटावर टिचक्या द्यायला सुरुवात केली. मी कॉफी नेऊन ठेवली, ती गार झाली. दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून बसले होते, मधूनच दोघांचे खांदे हसण्यानं हलत होते आणि ओसरीवर चिटपाखराचाही आवाज नव्हता.

मी आत आले. अक्का दाराकडे पाठ करून भाजी निवडत होत्या. काय बोलताहेत ते, मी विचारलं.

"बघितलं तर कळेल मला," अक्का म्हणाल्या. "पण त्यांचं त्यांना बोलू दे."

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ते मद्रासचे गृहस्थ गेले. मग अण्णा गेले, आणि बऱ्याच वर्षांनी अक्काही. ओसरीवर ते दोघे काय बोलले ते सांगणारं आता कुणी नाही. मला आठवतं ते एवढंच, की गाडीची वेळ होत आली म्हणून टांगा दारात येऊन उभा होता, टांगेवाला दोनदा हाक मारून गेला होता, आणि अण्णांनी अजून त्यांचा हात सोडला नव्हता.