पाचवा आला की

आमच्या गिरगावातल्या चाळीत तळमजल्यावर राहणारे एक कारकून सकाळी ओट्यावर बसून आम्हा शेजाऱ्यांना पेपर वाचून दाखवायचे. प्रत्येक बातमीआधी "ऐका, मंडळी" म्हणायचे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि जमावबंदी लागली. पाचजण एकत्र दिसले की पोलीस उचलायचे. "आपल्याच ओट्यावर बसायचीही चोरी!" म्हणून ते पहिल्या दिवशी केवढे भडकले. मग पाचवा आला की पेपरची घडी घालून मुकाट्याने घरात जाऊ लागले. पुढे तर हसतहसत उठायचे.

एका सकाळी त्यांनीच वाचलं, "ऐका, मंडळी, जमावबंदी उठली." त्यांना धरून आम्ही चौघंच होतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे मास्तर येऊन टेकले. कारकुनांनी पेपरची घडी घातली.

"अहो, आता बसा की!" मी म्हणालो खरा, पण तोवर मीही उठून उभा राहिलो होतो.