बाटलीवरची बहीण

हातमोज्यांतूनही निसटणारा मेणासारखा शुभ्र पापुद्रा आणि त्याचा तो मंद, स्निग्ध गंध! मानपाड्याच्या कारखान्यात तीस वर्षं मी त्या गंधात सुखानं वावरलो. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड हे त्याचं भारदस्त नाव; काम मात्र साधं, केस मऊ करण्याचं.

माझी थोरली बहीण आक्का माजिवड्याला राहते. आईच्या माघारी तिनंच मला वाढवलं. यंदा टायफॉइडनं ती महिनाभर अंथरुणाला खिळली आणि तिच्या कमरेपर्यंतच्या केसांचा मानेपाशी घट्ट गुंता झाला. तिची सून म्हणाली, उद्या कापूनच टाकू. आक्काचे डोळे भरून आले. माझा जीव तुटला. मी आमचंच ते रसायन असलेल्या कंडिशनरची बाटली घेऊन गेलो.

तिनं चष्मा लावून बाटलीवरचं इंग्रजी नाव अक्षर अक्षर जुळवलं. “बेहेन… यात बहीन कुठून आली रं?”

मला हसूच फुटलं. तो शब्द शेवग्याच्या बियांच्या तेलावरून आलाय, हे तिला सांगितलं. शेवग्याचं नाव ऐकून ती जराशी निवळली, पण लगेच म्हणाली, “ज्याला तू हातमोजं घालून हात लावतोस, ते मी डोक्याला लावू?”

किती रास्त प्रश्न! मी तिला वडिलांच्या टाचांची आठवण करून दिली. मिठागरात राबून त्या भेगाळून जायच्या, आणि तेच मीठ आपण चिमूटभर आमटीत घालायचो. कारखान्यातलं दाट द्रव्य त्वचेला, डोळ्यांना झोंबतं खरंच. बाटलीत ते थोडंसंच असतं. डोळे मिटून घ्यायचे, नीट धुऊन टाकायचं, खाज सुटली तर पुन्हा लावायचं नाही. त्या द्रव्यावर विजेचा धनभार असतो, दुखावलेल्या केसावर ऋणभार. म्हणून जिथं केस अधिक दुखावलेला, तिथंच ते अधिक बिलगतं. रसायनाला एवढी माया कुणी शिकवली असेल?

दुपारभर मी टोकाकडून वर वर फणी सरकवत राहिलो. केस बरेच गळले, पण गुंता सुटला. सुनेनं कात्री कपाटात ठेवली. आक्कानं पाठीवरून सगळे केस पुढं घेतले, हात फिरवला आणि म्हणाली, “इतकी वरसं हे बनवलंस, मना एक बाटली नाय आनलीस?”

तिला ते नकोच असणार, असं मी धरून चाललेलो. तीस वर्षांत तिला एकदाही विचारलं नव्हतं.