बाई तसं म्हणाल्या नव्हत्या

आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक बाई होत्या. त्या जे कधी बोलल्याच नाहीत, ते मी त्यांच्या नावावर आमच्या घरात सांगितलं, आणि घरानं ते खरं मानलं. शिकवण्यात माझी तेहतीस वर्षं गेली होती. माझ्या सांगण्यावर कोण शंका घेणार?

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्यानं निघालं की वळसंगच्या अलीकडं आमचं गाव. मी सोलापुरात हायस्कूलवर मराठी शिकवायचो, म्हणून गावात सगळे मला 'सर' म्हणतात. मुलगा रोज मोटरसायकलवर सोलापूरला जातो, औषधांच्या एजन्सीत नोकरी करतो. सून अक्कलकोटकडची, माहेर कानडी बोलणारं. नात झाल्यावर ती लेकीशी कानडीतच बोलायची. माझी बायको तेव्हा हयात नव्हती.

नात उशिरा बोलायला लागली, आणि बोलायला लागली तीही अडखळत. आईशी जरा सुटं बोलायची. माझ्यापुढं आली की पहिल्याच अक्षरावर गाडी अडायची, मान ताणायची, डोळे मिटायचे. मी मास्तर माणूस. संध्याकाळी तिला बाजेवर समोर बसवायचो आणि एकेक शब्द दहादा म्हणून घ्यायचो. अडखळली की म्हणायचो, "परत." पुन्हा अडखळली, "परत." त्या आवाजात राग नव्हता असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पुढं पुढं माझ्या चपलांचा आवाज आला की ती आईच्या मागं जाऊन उभी राहायची.

पहिलीला तिला गावच्या शाळेत घातलं. दोन शिक्षक, चार वर्ग. बाईंकडं पहिली-दुसरी. सकाळच्या परिपाठात रोज एका मुलानं पुढं येऊन वार, तिथी आणि एखादं चांगलं वाक्य म्हणायचं, अशी तिथली पद्धत. नातीची पाळी आली तेव्हा बाईंनी तिला वगळलं नाही. त्यांना थोडं कानडी येत होतं. आधी तिला वार कानडीत म्हणू द्यायच्या, तोही चालीवर, आणि बाकीची पोरं टाळ्यांचा ठेका धरायची. मग तेच मराठीत, त्याच चालीवर. पुढं चाल हळूहळू काढून टाकली. हे मला सुनेकडून कळायचं.

दिवाळीनंतरची गोष्ट. शाळेच्या भिंतीकडेनं चाललो होतो, आतून आवाज आला, "आज वार गुरुवार." सलग, स्वच्छ. मी भिंतीपाशी थांबलो. आवाज माझ्या नातीचा होता. खरं तर मी आनंदानं आत जायला हवं होतं. मी पुढं चालू लागलो. संध्याकाळी सून हसत म्हणाली, "मामा, आज बाई म्हणत होत्या, पोरगी लई छान बोलली." मी पेपरातून मान वर न काढता "हं" म्हणालो.

गावात त्या शाळेवरून दोन तट होते. स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसलं की हाच विषय. आमच्या आळीतल्या शिंप्याचा पोरगा त्याच बाईंच्या वर्गात होता. शिंपी म्हणायचा, "बाई एक लंबर हायत, सर. पोरगं घरी येऊन मलाच पाढे विचारतंय."

"पाढं काय चाटायचंत?" शेजारी बसलेला जीपवाला म्हणायचा. त्याची दोन्ही पोरं पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेला जायची. "आमची फाडफाड इंग्रजी बोलत्यात. टाय लावून."

"टाय लावला म्हंजी डोस्कं मिळतंय व्हय? मग तू बी लाव की एक."

सगळे हसले. जीपवाला माझ्याकडं वळला. "सरांनाच इचारा की. जलमभर सोलापुरात दुसऱ्याची पोरं शिकिवली, आन् सवताची नात खिचडीच्या शाळंत! बाई चांगल्या हायत म्हनून का दुसरं काय कारन हाय, सर?"

मी चहा अर्धा ठेवून उठलो.

घरातही तेच चाललं होतं. मुलगा म्हणायचा, "इथं चौथी केली की पुढं इंग्रजीला रडेल. आत्ताच काढायची." सून म्हणायची, "ती हसत जाते अन् हसत येते. आता कुटं बोलाय लागलीय. मी न्हाय काढणार." मे महिन्यात दोघांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. शेवटी सूनच म्हणाली, "मामा, तुमी जाऊन बाईंना इचारा. बाई म्हनतील ते मला मान्य." मुलगाही कबूल झाला. मी दोघांच्या मधला विश्वासाचा माणूस.

बाई शाळेतच भेटल्या. पटासाठी घरोघर फिरून आल्या होत्या, पदरानं वारा घेत होत्या. मला खुर्ची दिली आणि स्वतः पोरांच्या बाकावर बसल्या. मी विचारलं तसं त्या चटकन म्हणाल्या, "सर, दोन वर्षं हिला हलवू नका. आत्ता तोंड उघडलंय. नवी भाषा, नवी माणसं झाली तर परत मिटेल. दोन वर्षांनी मी स्वतः सांगेन, कुठंही न्या." मग म्हणाल्या, "तिला घरी 'परत म्हण' असं कुणी म्हणू नका, एवढं बघा."

त्यांना माहीत नव्हतं, घरी तसं कोण म्हणतं ते. कदाचित माहीत असेलही.

शाळा ते घर पाच मिनिटांची वाट. त्या पाच मिनिटांत मी काय ठरवलं ते आज सांगायला हरकत नाही. जीपवाल्याच्या बोलण्याची मला लाज वाटत होती, हे खरं. पण त्याहून खोल काही होतं. तेहतीस वर्षं शिकवून मला जे जमलं नाही, ते तिशीतल्या एका बाईनं टाळ्या वाजवून केलं होतं. आणि आता ती मला सांगत होती, घरी काय करू नका ते.

घरी दोघं वाट बघत होती. मी म्हणालो, "बाई म्हणाल्या, आमच्याकडून हिचं आता काही होणार नाही. मोठ्या शाळेत टाका."

सुनेनं एकदाच विचारलं, "असं म्हनल्या बाई?"

"तसंच म्हणाल्या."

ती आत गेली. जूनमध्ये नात पिवळ्या गाडीत बसली. सरांनी नात काढली म्हटल्यावर आणखी पाच-सहा घरांनी पोरं काढली. शिंप्यानंही पोरगं काढलं. मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तुमीच काढली म्हनल्यावर आमी कशाला ठिवू, सर?"

नव्या शाळेनं नातीचं काही वाईट केलं नाही, हेही सांगायला हवं. तिथं प्रश्न यायचा, ती उभी राहायची, आणि शब्द निघायच्या आत पोरं हसायची. मग ती उभी राहीनाशी झाली. त्यानंतर टाळेबंदी आली. दीड वर्ष मोबाईलसमोर बसून तिनं शाळा केली, माईक बंद ठेवून. माईक बंद ठेवायची तिला फार सवय झाली.

त्याआधीच्या संक्रांतीची गोष्ट राहिली. सुनेनं हळदीकुंकू केलं होतं. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. बायका येत होत्या, मी ओसरीवर खुर्चीत होतो. बाई आल्या. सुनेनं त्यांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि गाळणी न देता पुढच्या बाईकडं वळली. बाईंचा हात पुढं झालेला होता. त्यांनी तो सावकाश मागं घेतला, पदर नीट केला, जाता जाता मला नमस्कार केला. "नात बरी आहे ना, सर?" मी म्हणालो, "बरी आहे."

ती उरलेली गाळणी आमच्याच घरात वापरात आली. माझा रोजचा चहा तिच्यातूनच गाळला जात होता.

पट घटल्यावर बाईंची बदली माळशिरस तालुक्यात झाली. जाताना त्या आमच्या घरी आल्या नाहीत.

आता नात आठवीत आहे. लिहिते छान. घरात मान हलवून, खुणेनं, नाहीतर मोबाईलवर लिहून सांगते. आईशी कानडीत चार शब्द बोलते, तेही दार लावून. माझ्याशी ती शेवटचं काय बोलली ते मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीत सून उखळात शेंगांची चटणी कुटत होती. मी शेजारी शेंगा फोडत होतो. नात पाण्याचा तांब्या ठेवून गेली. तिच्या पाठीकडं बघत सून म्हणाली, "कुनाला दोष द्यायचा? बाईंनीच तवा हात टेकले हुते."

मला पुढची शेंग फुटेना. मी म्हणालो, "बाई तसं म्हणाल्या नव्हत्या."

मुसळ थांबलं. मी सगळं सांगितलं. तिनं रडारड केली नाही, मला एक वाकडा शब्द बोलली नाही. फक्त म्हणाली, "मग काय म्हनल्या हुत्या? जसंच्या तसं सांगा." मी जसंच्या तसं सांगितलं. दोन वर्षं हलवू नका, आत्ता तोंड उघडलंय. ते शब्द ती स्वतःशी पुटपुटली. मग म्हणाली, "मी त्यांना वाण दिलं नव्हतं, मामा." एवढंच, आणि पुन्हा कुटायला लागली.

मुलाला तिनंच सांगितलं. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, कामापुरतं.

यंदाच्या संक्रांतीला सून नातीला घेऊन माळशिरसकडं गेली, गाड्या बदलत. पिशवीत नवी गाळणी आणि तिळगुळाचा डबा होता. मी येऊ का विचारलं. ती म्हणाली, "नको." संध्याकाळी दोघी परतल्या. मी ओसरीवर बसून होतो. बाईंनी नातीला जवळ घेतलं म्हणे, ठेका धरून कानडीत वार म्हणायला लागल्या. नात हसली, ओठ हलवले. आवाज निघाला नाही.

"अन् माझ्याबद्दल?" मी विचारलं. "सांगितलंस ना सगळं?"

सून चपला काढत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांगितलं. बाईंना पटलंच न्हाय. म्हनल्या, सर असं म्हननार न्हाईत. तुमचाच कायतरी घोटाळा हुतोय."

म्हणून हे लिहायला बसलो. बाई, घोटाळा सुनेचा झालेला नाही. मी तसं म्हणालो होतो.