जाळीचे हेडफोन

माझं काम चुका ऐकण्याचं आहे. बोलत्या पुस्तकांचं ध्वनिमुद्रण झालं की त्याच्या फाइल माझ्याकडे येतात. समोर छापील मजकूर ठेवायचा, कानाला हेडफोन लावायचे आणि लिहीत जायचं. वाचणाऱ्याने इथे शब्द गाळला, इथे ‘चूल’मधला च ‘चहा’सारखा म्हटला, इथे पान उलटल्याचा आवाज आला, इथे श्वास फार मोठा झाला. त्याआधी बरीच वर्षं मी एका प्रकाशनाच्या कचेरीत मुद्रितं तपासायचे. तिथे निदान समोरच्या टेबलाशी एक बाई बसायची आणि चार वाजता आम्ही दोघी चहा प्यायचो. आता सगळं ठाण्यात, कोलशेतच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर.

आई होती तेव्हा तिचा टीव्ही दिवसभर चालू असायचा. म्हणून मी कान पूर्ण झाकणारे, जाडजूड हेडफोन घेतले होते. ते घातले की मालिका बंद, कुकर बंद, आईही बंद. तिला काही हवं असलं की ती माझ्यासमोर येऊन हात हलवायची, बसमधून कोणाला निरोप देतात तसा. मी एक कान मोकळा करायचे आणि बहुतेक वेळा जरा तुटकच विचारायचे, काय गं. आई जाऊन दोन वर्षं झाली. टीव्ही तेव्हापासून बंद आहे, पण हेडफोन मी तेच वापरत राहिले. कोणता आवाज बाहेर ठेवायचा हा प्रश्नच उरला नव्हता, तरीही.

मग स्टुडिओतून फोन आला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी फार सांभाळून सांगितलं की मी हल्ली दर प्रकरणात खालच्या पट्टीतली घरघर लिहून पाठवते, आणि ती त्यांच्याकडे कोणालाच सापडत नाही. माझे हेडफोनच खालचे सूर फुगवत असणार. बारकाईने ऐकायचं काम असेल आणि घर शांत असेल तर ओपन-बॅक घ्या, त्या म्हणाल्या. पाठीमागे जाळी असते, आवाज कोंडत नाही, कानही तापत नाहीत.

घर शांत आहे, मी म्हटलं.

ओपन-बॅक दुकानात ऐकायला मिळणं कठीण. जिथे मिळतात तिथे एवढी गर्दी आणि गाणी की ऐकून उपयोग नाही. शोधता शोधता मी फोनवरच्या एका गटात शिरले, जिथे लोक वापरलेले हेडफोन विकतात. तिथे एक जाहिरात होती, चक्क शुद्ध मराठीत. ओपन-बॅक, सात जोड. ऐकल्याशिवाय देणार नाही. रविवारी दुपारी, डोंबिवली पूर्व.

मी गेले. लिफ्ट नसलेली जुनी इमारत, दुसरा मजला. दार विकणाऱ्यांच्या सुनेने उघडलं, तिशी-पस्तिशीची, गळ्यात ऑफिसचा हेडसेट रविवारीसुद्धा. “बाबा, आल्या त्या,” असं तिने बरंच मोठ्याने सांगितलं. आतल्या खोलीत पंचाहत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ खुर्चीत ताठ बसले होते. ठाण्याच्या एका कारखान्यात ते मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचे, हे नंतर कळलं. भिंतीवर लाकडी खुंट्यांची एक पट्टी होती आणि तिच्यावर सातही हेडफोन टांगलेले. मी त्यांना काका म्हणू लागले, ते मला शेवटपर्यंत तुम्ही म्हणाले.

त्यांनी आधी माझं तोंड पाहिलं आणि चष्मा कायम असतो का विचारलं, कारण चष्म्याच्या काड्या दाबल्या गेल्या तर तासाभरात डोकं दुखतं. मग काय ऐकता, ते विचारलं. मी कामाचं सांगितलं. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

मग त्यांनी विचारलं, “घरात कोण कोण असतं?”

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं, कारण त्यांनी लगेच खुलासा केला. जाळीतून आवाज जितका आत येतो तितकाच बाहेरही जातो. शेजारी बसलेल्याला तुम्ही काय ऐकताय ते सगळं कळतं, आणि त्याचं बोलणं तुमच्या कानात येतं. घरात माणसं असली तर दोन्हीकडून भांडणं.

“कोणी नाही,” मी म्हटलं.

हे वाक्य मी याआधी इतकं छोटं कधी म्हटलं नव्हतं. नेहमी त्याच्यामागे काहीतरी यायचं, की भाऊ नाशिकला असतो, येऊन जाऊन असतो, शेजार चांगला आहे. काकांनी फक्त मान हलवली, मी चपलेचा नंबर सांगितल्यासारखी. “मग तुम्हाला चालतील,” म्हणाले.

पहिली जोडी त्यांनी स्वतः माझ्या डोक्यावर बेताने ठेवली आणि एक बैठकीचं ध्वनिमुद्रण लावलं. तानपुरे आणि एका गायिकेचा आवाज. मला दचकायला झालं. आवाज कानात नव्हता, समोर होता, दोन-तीन हातांवर. मध्ये हवा होती. आणि त्याच वेळी खोलीतला पंखाही ऐकू येत होता, खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं तेही.

संपल्यावर त्यांनी विचारलं, काय ऐकू आलं. मी सवयीने सांगायला लागले. सुरुवातीला बारीक खरखर आहे, एका ठिकाणी माइकला धक्का लागलाय, उजवा तानपुरा किंचित उतरलाय.

“चुका नाही विचारल्या,” ते म्हणाले. “काय ऐकू आलं ते सांगा.”

मला सांगता येईना. खरंच येईना. इतकी वर्षं कान वापरूनच पोट भरलं, पण कानाला काय चांगलं लागलं ते सांगायचे शब्द माझ्याकडे नव्हते. मी म्हटलं, बाई जरा डावीकडे तोंड करून गातात बहुतेक. काका पुढे झुकले. अजून? मी म्हटलं, खोली मोठी नसावी. जमिनीवर काहीतरी अंथरलेलं असावं, आवाज उसळत नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. मी बोलते आहे ते ऐकत होते.

त्या दिवशी चार जोड ऐकून झाले. एका दिवसात कान ठरवत नाहीत, पुढच्या रविवारी या, असं ते म्हणाले.

त्या आठवड्यात भाजीवाला आणि वॉचमन सोडले तर मी कोणाशी बोलल्याचं आठवत नाही. भावाचा फोन आला होता, पण तो गाडी चालवत होता. रविवारची मी वाट पाहिली. जाताना वाटेत काय सांगायचं याची मनात जुळवाजुळवही केली, परीक्षेला जाणाऱ्या मुलीसारखी.

दुसऱ्या रविवारी आम्ही तीन जोड बाजूला काढले. एकात प्रत्येक स आणि श सुईसारखा टोचायचा. कामाला चांगला, चूक सुटणार नाही, पण दोन तासांत माणूस चिडचिडा होईल, असं काकांचं मत. दुसरा फार गोड होता. त्यात कोणीही वाचलं तरी बरं वाटायचं, म्हणजे माझ्या कामाला धोक्याचाच. तिसरा दिसायला अगदी साधा, कानावरच्या गाद्या मखमली, डोक्यावरच्या पट्टीचा रंग उडालेला. त्यात जसं होतं तसं ऐकू यायचं, न टोचता आणि न लपवता. मला हवा होता तो हाच, हे मला तिथेच, त्या खुर्चीतच कळलं.

मी म्हटलं, अजून नक्की होत नाहीये.

त्या दिवशी चहा घ्यायला मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते तेव्हा सुनेने आवाज खाली करून विचारलं, “ताई, बाबांनी तुम्हाला सांगितलं नाही ना? त्यांना कमी ऐकू येतं आता.” तिने सांगितलं ते असं. वरच्या पट्टीतले आवाज त्यांचे जवळजवळ गेलेच होते. बोलणं कळतं, पण तोंडासमोर बोललं तर. त्यामुळे ते हेडफोनचा आवाज वाढवत गेले, आणि जाळीतून ते सगळं घरभर. ती दिवसभर कॉलवर, नवरा आठवड्यातले तीन दिवस घरून, घर दोन खोल्यांचं. कॉलवर पलीकडची माणसं विचारायची, तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का. बाबांना कोणी विका म्हणालं नव्हतं, हे तिने दोनदा सांगितलं. त्यांनीच एक दिवस जेवताना सांगितलं की आता उपयोग नाही.

“पण विकतच नाहीयेत ओ,” ती म्हणाली. “येतो त्याला दोन-दोन तास बसवतात आणि परत पाठवतात. म्हणतात, याला सांगता येत नाही.”

मी चहाचा कप घेऊन आत गेले. मला हे कळलंय हे मी त्यांना कळू दिलं नाही. फक्त त्यानंतर त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश बोलू लागले.

तिसऱ्या रविवारी त्यांनी स्वतः केलेलं एक ध्वनिमुद्रण लावलं. खडवलीला त्यांच्या मामेभावाचं घर होतं, तिथल्या ओट्यावर बसून त्यांनी एका संध्याकाळी गावचं भजन टिपलं होतं. बरीच वर्षं झाली, म्हणाले. मामेभाऊही आता नाही. मी ऐकत गेले आणि सांगत गेले. पखवाज उजवीकडे. पेटीचा भाता फाटलेला, हवा सुटल्याचं ऐकू येतं. कोणीतरी म्हातारा माणूस प्रत्येक ओळीला अर्धा शब्द मागे आहे. ते हसले. तो माझा मामा, म्हणाले.

भजन थांबलं. टाळ खाली ठेवल्याचा आवाज झाला, मग कोणी चहाचं विचारलं. मला वाटलं संपलं, मी हेडफोन काढायला हात वर केला. त्यांनी हाताने थांबवलं.

“पुढे रातकिडे आहेत,” ते म्हणाले. “आहेत ना?”

“आहेत.”

“कुठे?”

मी डोळे मिटले. “डावीकडे, मागे. एक अगदी जवळ आहे. ओट्याच्या खालीच असेल. बाकीचे लांब, शेतात असतील तसे. मधला थांबतो आणि परत सुरू होतो.”

ध्वनिमुद्रण मिनिटभर चाललं असेल, रातकिडे आणि भांड्यांचा आवाज. मी डोळे उघडले तेव्हा ते जाळीकडे पाहत होते, माझ्या कानावरच्या. बाहेर झिरपत असणारच थोडा आवाज. त्यांनी परत लावायला सांगितलं. मी परत सांगितलं, तेच, पण शब्द थोडे वेगळे आले. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी स्वतःच बंद केलं.

त्या दिवशीही मी काही ठरवलं नाही. घरी येताना माझी मलाच लाज वाटली. पण मला माहीत होतं की जोडी घेतली की रविवार गेला.

चौथ्या रविवारी सून खोलीत मोजपट्टी घेऊन उभी होती. तिला तिथे कामाचं टेबल ठेवायचं होतं. तिने अगदी सहज विचारलं, ताई, ठरलं का तुमचं? मी काहीतरी सांगणार होते.

“यांचं दुसऱ्याच रविवारी ठरलंय,” काका म्हणाले, आणि खुंटीवरून ती साधी जोडी काढून तिची वायर गुंडाळायला लागले.

त्यांनी वायर फार नीट गुंडाळली, कुठे पीळ पडू न देता, आणि एका जुन्या टॉवेलमध्ये सगळं बांधून दिलं. गाद्या वर्षा-दीड वर्षाने बदला, म्हणाले. पावसाळ्यात कपाटात ठेवू नका.

जोडी कामाला उत्तम निघाली. घरघर गेली, स्टुडिओतल्या बाई खूश झाल्या. पण पहिल्या काही दिवसांत मला जे ऐकू आलं त्याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. जुन्या हेडफोनमध्ये घर नसायचंच. आता वाचणारा दोन वाक्यांमध्ये थांबला की जाळीतून माझं घर आत यायचं. फ्रिज. वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. लिफ्ट येऊन थांबायची, दार उघडायचं, पावलं दुसऱ्या बाजूला जायची. एखाद्या परिच्छेदाच्या शेवटी वाचणाऱ्याने जरा जास्त वेळ घेतला की मी लिहून पाठवायचे, विराम कमी करावा. एकदा बाई म्हणाल्या की तो विराम तर नेहमीएवढाच आहे. मी पुन्हा ऐकला. नेहमीएवढाच होता.

काकांना मी दोन-तीनदा फोन केला, पण फोनवर त्यांना काही कळायचं नाही. ते आपले, हो, बरं आहे, बरं आहे, असं म्हणत राहायचे. मग दोन महिन्यांनी एका रविवारी मी आधी न कळवता गेले. खुंट्यांची पट्टी अजून होती, तिच्यावर सुनेची पर्स आणि एक छत्री. बाकीचे सहा जोड गेले होते. शेवटचे दोन तर एकाच माणसाने न ऐकता नेले, काका म्हणाले, आणि त्यांनीही दिले. कानात यंत्रं बसवली होती मुलाने. कशी आहेत, मी विचारलं. भांडी फार वाजतात, म्हणाले.

चहा झाला. मी कामाचं सांगितलं, त्यांनी कोलशेतला पाणी कसं असतं ते विचारलं. मग दोघेही गप्प बसलो. ऐकायला काही नसलं की आम्हाला एकमेकांशी बोलता येत नव्हतं, हे दोघांच्याही लक्षात आलं असावं. मी भिंतीकडे पाहिलं, त्यांनी घड्याळाकडे. तीन-चार रविवारांत मी त्यांना जितकं सांगितलं तितकं कोणालाच कधी सांगितलं नाही, पण त्यातलं माझ्याबद्दल काहीच नव्हतं आणि त्यांच्याबद्दलही नव्हतं.

निघाले तेव्हा ते जिन्यापर्यंत आले. म्हणाले, “आता येण्यासारखं काही राहिलं नाही म्हणा.”

“असं काय म्हणता काका, येईन की मी,” मी म्हटलं.

मनापासून म्हटलं होतं. पुढच्या रविवारी एक मोठी फाइल आली. त्यापुढच्या रविवारी भाऊ यायचा होता, तो आला नाही, पण मी घरी थांबले. मग गणपती आले. मग माझं मलाच वाटायला लागलं की आता इतक्या दिवसांनी गेलं तर काय सांगणार, कशाला आले म्हणून. कोलशेतहून डोंबिवलीला जायला फार वेळ लागत नाही. रविवारी दुपारची बस जवळजवळ रिकामी असते, खिडकी मिळते. अजून गेलेले नाही.